देवकाचं झाड ओळखायला गेले होते

पुण्याची माणसं मुळशीला जातात ती धबधब्याखाली ओली व्हायला, भाजलेलं कणीस खायला आणि रिकाम्या बाटल्या तिथेच ठेवून यायला. मी गेले एक लग्न अडलं होतं म्हणून. मुलगी माझी कुणी लागत नव्हती, मुलाचं तोंडही मी पाहिलं नव्हतं, आणि हुंडा, पत्रिका, पगार अशा सभ्य कारणांवर लग्न अडलेलं नव्हतंच. ते अडलं होतं एका काटेरी झाडावर.

फोन आला तेव्हा मी गणपतीच्या आरतीत टाळ चुकवत होते.

"मॅडम, मी प्रणाली. टी.वाय.ला होते तुमच्याकडे. तुम्ही मला वर्गाबाहेर काढलं होतं."

"कशाबद्दल?"

"हर्बेरियमच्या वहीत मी कढीपत्ता चिकटवून त्याला कडुनिंब म्हटलं होतं."

तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. अशा मुली पायलीला पन्नास झाल्या. पण पुढचं ऐकून मी टाळ खाली ठेवले. प्रणालीचं पिरंगुटच्या कारखान्यात सोबत काम करणाऱ्या, भरे गावच्या मुलाशी जमलं होतं. घरच्यांनीही, कुरकुरत का होईना, हो म्हटलं होतं. मग देवकाची गोष्ट निघाली. देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नाआधी त्याची डहाळी आणून पुजायची, मगच मांडवात पाय. आणि दोन्ही घरांचं देवक एकच निघालं, तर मुलगा-मुलगी भाऊबहीण ठरतात. विषय संपला. भऱ्याच्या मंडळींचं देवक खैर. प्रणालीच्या घरचे म्हणत होते, आमचंबी खैरच.

"पण मॅडम, आमच्या झाडाला मी लहानपणी गोल गोल फुलं बघितलीत. तुम्हीच शिकवलं होतं ना, खैराला कणसासारखं लांब फूल येतं? मी बोलले तर मला म्हणतात, तू गप बस. तुम्ही या. परवा अनंत चतुर्दशी. एकदा पितरपाट लागला की पंधरा दिवस कुणी सुपारी फोडणार नाही, आणि त्यांना दुसरं स्थळ सांगून आलंय."

कोथरूडमध्ये आम्हाला आमचं देवक काय ते माहीत नसतं. गोत्र विचारलं तर आईला फोन लावतो. तरी मी पिशवीत भिंग, पंचा आणि खाकरा टाकला आणि निघाले. मुलगी सगळ्या वर्गातून एवढंच लक्षात ठेवून होती. तिच्यासाठी एक दिवस वाया गेला तर गेला.

बुधवार, रस्त्याकडेची झाडं

गाव पौडच्या अलीकडे, फाट्यावरून आत. घरापुढे एक ट्रॅक्टर, मागे भाड्याच्या सहा खोल्या आणि खोल्यांपुढे वाळत घातलेले कारखान्याचे निळे शर्ट. वडील पहिल्या पाळीला गेलेले. कारभार तात्यांकडे, म्हणजे प्रणालीच्या थोरल्या चुलत्यांकडे. डोक्याला टोपी, गुडघ्याला पट्टा, आणि मी काहीही बोलले तरी "बराबर हाय" म्हणून पुढे स्वतःचंच चालू ठेवायची सवय.

"झाड बगायचं ना? चला, हितंच हाय," असं म्हणून ते मला थेट डांबरी रस्त्यावर घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला ओळीने लावलेली, कोयत्यासारख्या वाकड्या हिरव्या पानांची झाडं.

"ह्ये बगा. ह्येच आमचं देवक."

"तात्या, हे ऑस्ट्रेलियाचं झाड आहे."

"असंल. आमचंबी मूळ गाव कुटलं, कुणाला ठावं?"

हे झाड कुणीतरी कधीतरी रोपवाटिकेतून आणून रस्त्याला लावलेलं, त्याला काटे नाहीत आणि त्याच्याखाली गवतही धड उगवत नाही. मी सांगितलं की हे जे पान दिसतंय ते पानच नाही. देठ चपटा होऊन पानाचं सोंग घेऊन बसलाय. तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता पुण्याची बस दाखवतात. म्हणून मी चिखलात गुडघे टेकले आणि झाडाखालचं वीतभर रोप उपटून दिलं. त्याची पहिली दोन पानं अगदी बाभळीसारखी, बारीक बारीक पानोळ्यांची. वरची मात्र कोयता.

तात्यांनी रोप फिरवून फिरवून पाहिलं. "म्हंजे ल्हान हाय तवर खरं बोलतंय, मोठं झालं की सोंग. आमच्या सरपंचागत."

मग हळूच खरं बाहेर आलं. दहा वर्षांपूर्वी तात्यांच्या मुलाचं लग्न होतं. देवकाचं खरं झाड वर पठारावर. तात्यांचा गुडघा तेव्हाच गेलेला. म्हणून त्यांनी रस्त्यावरची डहाळी तोडून, फडक्यात गुंडाळून, वाजतगाजत घरात आणली होती.

"आणि मुलाचा संसार?"

"झ्याक चाललाय की. दोन पोरं हायेत."

ऑस्ट्रेलियाच्या कृपेने, म्हणायला हवं. या झाडाने मला आधीच एकदा हिणवलंय. सगळ्या बाभळी, खैर, हिवर यांचं लॅटिन आडनाव पूर्वी अकेशिया होतं. मग जगभरचे विद्वान जमले, भांडले, आणि ते आडनाव ऑस्ट्रेलियावाल्यांना देऊन टाकलं. आमची बाभूळ जन्मभर ज्या नावाने मी शिकवली, ते नाव आता या सोंगाड्याचं. माझ्या नोट्स जुन्या झाल्या त्या झाल्याच.

तेवढ्यात प्रणाली कारखान्यातून आली. तिने गुपचूप मोबाइलचाही सल्ला घेतला होता. त्यातल्या झाडं ओळखणाऱ्या ॲपला मागच्या उन्हाळ्यातले तीन फोटो दाखवले तर त्याने तीन नावं सांगितली. एका फोटोत तात्यांचा अंगठा मोठा आला होता. त्याला ॲप 'आलं' म्हणालं.

रात्री जेवायला नाचणीची भाकरी, काळ्या घेवड्याची आमटी आणि खुरासणीची चटणी. चटणी अशी की मी तिसरी भाकरी मागितली आणि मग मागितल्याची लाज वाटून चौथी नको म्हणाले. वाढत होत्या हौसाआत्या, तात्यांची बहीण. साठी ओलांडलेल्या, हाडकुळ्या, कपाळ रिकामं. लग्नानंतर दोन वर्षांत परत आल्या त्या भावाकडेच राहिल्या, एवढं प्रणालीने कानात सांगितलं होतं. आख्खं घर त्यांच्या जिवावर चालतं, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"झाड मी दावते उंद्या," आत्या म्हणाल्या. "पर फुकाट येताय. खैर हाय त्यो. माज्या बापानं सांगितलंय."

"बघू या ना, आत्या."

"बगायचं काय त्यात? खैरच हाय."

प्रणाली ताटातली भाकरी चिवडत बसली. मला आत्यांचा राग आला. पोरीचं लग्न जमण्यापेक्षा यांना बापाचं म्हणणं मोठं!

गुरुवार, पठाराची वाट

सकाळी आत्या पुढे, प्रणाली मधे, मी मागे. वाट म्हणजे पावसाने वाहून नेलेला ओढा आणि त्यात लोण्यासारखा चिखल. पहिल्या अर्ध्या तासात मी दोनदा बसले, स्वेच्छेने नव्हे. दुसऱ्यांदा बसले ती तोडलेल्या बाभळीच्या फांदीवर. प्रणालीने जिथून काटे काढले ती जागा इथे लिहीत नाही. माझे माजी विद्यार्थीही हे वाचतील.

पण उठताच मी शिकवायला लागले, जित्याची खोड. बाभळीचे काटे जोडीने, सरळ, पांढरे, बोटाएवढे. फुलं पिवळीधमक, गोल, वासाची. खोड काळं, भेगाळलेलं. शेंग पांढरट, दर बीपाशी आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी.

"ठावं हाय," आत्या मागे न बघता म्हणाल्या. "आमी हिच्या काडीनं दात घासलं. तुमी हिच्यावर बसलाय."

पुढे एका वळणावर माझी ओढणी कुणीतरी मागून धरली. पाहते तर शिकेकाईचा वेल! याला जोडीचे काटे नाहीत. सगळ्या अंगभर उलटे आकडे, मांजराच्या नखांसारखे. सोडवायला पुढे झाले की आणखी अडकायचं. आत्यांनी मला उभं केलं, उलट दिशेने दोन पावलं मागे चालवलं आणि ओढणी आपोआप सुटली. मग वेलाचा कोवळा शेंडा खुडून माझ्या तोंडात कोंबला.

"खावा."

आंबट! चिंचेसारखं स्वच्छ आंबट. याची चटणी करतात म्हणे. तीस वर्षं मी शिकेकाई शिकवली आणि चाखली मात्र पहिल्यांदा. आत्यांबद्दलचा राग थोडा ओसरला, तोही पुढच्या वाक्यापर्यंत.

"पर वरचा खैर हाय बरं का."

दोन तासांनी पठारावर पोचलो. जीव नुसता कासावीस. आणि बघते तर काय, वरच्या वाडीपाशी कच्च्या रस्त्यावर मोटरसायकल उभी, आणि तात्या दगडावर बसून चहा पितायत! त्यांच्या शेजारी भऱ्याचे अण्णा, मुलाचे चुलते, पांढऱ्याशुभ्र कपड्यात, चिखलाचा एक शिंतोडा नाही.

"इथवर रस्ता आहे?"

"मागनं झालाय की, दोन वर्सांमागं," आत्या म्हणाल्या.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं न्हाई."

अण्णा गोड माणूस. त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली डहाळी काढली; भऱ्याचा अस्सल खैर, उशिराच्या फुलांसकट. "मॅडम, आमाला पोरगी पसंत हाय. पर देवक एक निगालं तर आमी भाऊबंदांत तोंड दावू शकत न्हाई. तुमी सांगाल ती पूर्वदिशा." म्हणजे झालं! आयुष्यात माझ्या शब्दावर कुणाचं साधं ॲडमिशनसुद्धा झालं नव्हतं, आणि आता थेट लग्न. प्रणालीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून बोट पांढरं करून घेतलं होतं.

झाडाखाली

झाड वाडीच्या मागे, उतारावर एकटं. बुंध्याला शेंदूर फासलेले दोन दगड. म्हातारं झाड, बुंधा शेवाळाने काळा पडलेला, खालच्या फांद्यांना काटे जवळजवळ नाहीत. पानं खैरासारखीच, शिरेच्या दोन्ही बाजूंनी इवल्या पानोळ्या. नुसत्या पानांवरून मलाही छातीठोक सांगता आलं नसतं. तात्या-अण्णांना मी दोष कसा देणार?

आत्या झाडाकडे पाठ करून बसल्या आणि मिश्री लावायला लागल्या.

मी वर पाहिलं. शेंड्याला, फांद्यांच्या टोकांना, सगळीकडे फिकट पिवळट फुलोरे. वाडीतून वेळूची आकडी आणली, एक डहाळी खाली ओढली आणि पंच्यावर ठेवली. शेजारी भऱ्याचा खैर ठेवला. सगळे वाकले. भिंग आधी प्रणालीच्या हातात दिलं. तिची परीक्षा होती ती, माझी नव्हे.

"सांग."

"खैराचं फूल... लांब. बोटासारखं, कणसासारखं." तिने भिंग दुसऱ्या डहाळीवर सरकवलं. "याचं गोल. बारके गोळे, मोठ्या घोसात."

"काटे?"

"खैराचे वाकडे, आकड्यासारखे, जोडीनं. हे कोवळ्या फांदीचे सरळ आहेत."

"साल?"

आता मी चाकूच्या पात्याने एका फांदीवरचं शेवाळ थोडं खरवडलं. खाली पिवळट पांढरी साल. खैराची साल तपकिरी, लांब पट्ट्यांनी सुटणारी. ही तशी नव्हतीच.

"आरं तिच्या!" तात्या ओरडले. "ही साल तर आमी मोहाच्या..." आणि त्यांनी टोपी नीट केली.

"मोहाच्या काय, तात्या?"

"काय न्हाई. पूर्वी. आमी न्हाई, दुसरे लोक. मोहाच्या दारूत घालत्यात ही साल. हिवर हाय ह्यो! वड्याच्या कडंनी खाली हायेत की चिक्कार."

"मग तुम्हाला हिवर ओळखता येतो!"

"न येयाला काय झालं? पर देवकाच्या झाडाला कोण कोयता लावल? त्याची साल कोण खरवडल? हात जोडायचं, डहाळी मोडायची, खाली यायचं. आन् लग्नं असत्यात तुळशीच्या लग्नानंतर. तवा फूल कुटलं?"

खरं होतं. हिवर फुलतो भादव्यात, आणि भादव्यात या उतारावर एखादं पोर सोडलं तर कुणी फिरकत नाही. आपलं म्हणून पुजलं, म्हणून कुणी नीट पाहिलंच नाही. मी अण्णांकडे वळून, वर्गात देते तशा आवाजात निकाल दिला: तुमचा खैर, यांचा हिवर, दोन वेगळी झाडं. अण्णांनी भिंगातून दोन्ही फुलं स्वतः पाहिली, डोळे पुसले, पुन्हा पाहिली आणि तात्यांना मिठीच मारली. प्रणाली माझ्या गळ्यात पडून एवढी रडली की माझा खांदा भिजला. मीही रडले. लपवत कशाला बसू?

वाडीतल्या पहिल्याच घरात सुपारी फुटली. पेढे कुणाकडे नव्हते, म्हणून गणपतीसमोरचे मोदक वाटले. मला दोन मिळाले. मी एकदम फुशारले होते. फुलाच्या आकारावर लग्न जमवणारी कोथरूडची पहिली बाई!

फाट्यावर

परतताना मोटरसायकल असूनही आत्या म्हणाल्या, "मी मॅडमना पायीच सोडते." उतरताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, हरल्या म्हणून रुसल्या. मी आपली बडबडत होते, हिवराच्या शेंगा शेळ्या कशा आवडीने खातात वगैरे. फाट्यावर सिमेंटच्या बाकावर बसलो, तेव्हा त्यांनी विचारलं.

"मॅडम, झाडाचं फूल बदलतंय का कवा? आता गोल, आन् आदी लांब?"

"नाही, आत्या. तसं होत नाही."

"म्हंजे चाळीस वर्सांमागंबी त्यो हिवरच हुता."

"हो, हिवरच."

त्यांनी पदराने तोंड पुसलं, मिश्रीचा डाग नसतानाही.

"भऱ्याचंच स्थळ हुतं मला. अण्णाचा थोरला भाऊ. दोनदा आला हुता घरी. मला लई आवडला हुता, आन् त्याला मी. सुपारीपातुर आलं, मग बापानं इचारलं देवक कुटलं. त्ये म्हनले खैर. बाप म्हनला, आमचंबी खैर. मोडलं. मग मला खाली कोकणात दिली त्या दारुड्याला. मी आख्खं आयुष्य म्हनत आले, देवक एक निगालं, कुणाचा काय दोस? देवाचंच तसं हुतं. काल तुमी आला तवापासनं मी देवाला म्हनत हुते, खैरच असू दे."

माझ्या फुशारकीची सगळी हवा निघून गेली. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

"पोरीचं चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "त्यात काय न्हाई. मला आनंदच हाय."

लांबून बस दिसली. आत्या उठल्या, माझी पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

"माजं मोडलं तवाबी भादवाच हुता, मॅडम. गवरी जाऊन चार दिस झालं हुतं. म्हंजे झाडावर फुलं असतील."

"असतील, आत्या."

"कुणी वर जाऊन बगाया पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "दोन तासाचीच वाट हाय."